पोटाचे मार्क

६ जाने. ९७, सोम.
डॉ. कडे जाऊन आले. साडेआठला नंबर लावला, पावणेएकला आत. गहू सोडून नऊ महिने झाले. मागच्या एप्रिलमध्ये दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला, तेव्हा हेच डॉ. म्हणाले होते, "सीलिएक है। गेहूँ, जौ, मैदा, सूजी सब बंद। तीन महीने में आप नई हो जाएँगी।" नवी काही झाले नाही. जुलाब थांबले, रक्त वाढलं, अंगावर थोडं मांस आलं, हे सगळं मान्य. पण पोट दुखायचं ते दुखतंच. बेंबीच्या डावीकडे, ओला पंचा पिळावा तसं.

डॉ. नी फाइल चाळली, पेन थांबवलं आणि विचारलं, "छुपके से कुछ खा तो नहीं लेतीं? बिस्कुट-विस्कुट?" हेमंत हसला. नवऱ्याने हसायची ती जागा नव्हती.

निकाल असा: आणखी तीन महिने. ७ एप्रिलला दाखवायचं. तोवर दुखणं थांबलं नाही तर पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडा आणि स्टेरॉइड. शाळेतल्या श्रीवास्तव मॅडमच्या जावेला दम्यावर स्टेरॉइड चालू आहे. बाईचं तोंड भोपळ्याएवढं झालंय आणि हाडं इतकी ठिसूळ की जिना चढायची बंदी. मला ती गोळी नको. बाकी कशाची खात्री नाही, एवढ्याची आहे.

७ जाने.
लखनौचं धुकं. समोरचं घर दिसत नाही. शाळा दहा वाजता.

हे. ने तक्ता केला. संस्थेत दिवसभर झाडपाल्याचे अर्क काढतो, तरी हौस फिटत नाही. फुलस्केप कागद, रकाने आखलेले: तारीख, सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, दुखणं दहापैकी किती. फ्रिजवर चिकटवला. "डेटा नसेल तर आपण अंधारात चाचपडतोय, सुनंदा." बारा वर्षं पोरांच्या गणिताच्या वह्यांना मार्क देतेय. आता पोटाला द्यायचे.

आज सहा. शाळेतून आल्यावर मऊ भात, तूप, मेतकूट. तेवढंच आत गेलेलं सुखाचं वाटलं.

१२ जाने., रवि.
हे. आणि मी दोघं कपूरथला चौकाच्या मागच्या चक्कीवर गेलो. माझी ज्वारी नि तांदूळ तिथेच दळतात. आजवर बाई जायची दळण घेऊन, आम्ही कधी बघितलंच नव्हतं. हे. ने विचारलं, "भैया, हमारे चावल से पहले इसमें क्या पिसा था?" तो आमच्याकडे असा बघायला लागला जसं काही आम्ही सूर्य कुठे उगवतो ते विचारलं. "गेहूँ साहब। यहाँ और क्या पिसेगा?"

म्हणजे नऊ महिने माझ्या प्रत्येक भाकरीत जात्याच्या पाळीला चिकटलेली कणीक होती. चोर सापडला. परतताना स्कूटरवर दोघं चक्क गाणं म्हणत होतो, एवढ्या थंडीत. आजपासून तांदूळ घरीच मिक्सरमध्ये. भरड होतं, होऊ दे. ज्वारी बंद.

पोट ५. पण पाचला आज मी हसून मार्क दिले.

१४ जाने., संक्रांत
हे. आणि लेकीसाठी गुळाच्या पोळ्या केल्या. कणीक उडून नाकातोंडात जायला नको म्हणून रुमाल बांधला. मुक्ता म्हणाली, "मम्मी, आप तो चंबल की डाकू लग रही हो।" अकरा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. तिळगूळ दिला तर म्हणे, "गोड बोलूँगी, प्रॉमिस।"

स्वतः लाटलेल्या पोळीचा वास घेत वरणभात खाल्ला. रडायला नाही आलं. राग आला. कुणाचा, ते ठरेना.

२१ जाने.
काही फरक नाही. ६, ६, ५, ६, ७.

आता हिंग. डबीवर बारीक अक्षरात लिहिलंय, आटा मिसळलेला. किराणावाल्याला बिनपिठाचा मागितला. तो म्हणाला, "बहन जी, आटा न मिलाएँ तो असली हींग आपसे सूँघी न जाए।" असेल. डबी श्रीवास्तव मॅडमना देऊन टाकली. बिनहिंगाची आमटी म्हणजे ओळखीच्या माणसाने ओळख न दाखवता जावं. हे. निमूट जेवतो. बिचारा, असं लिहायला हवं. लिहिते: बिचारा.

२८ जाने.
८-ब वर फळ्याशी उभी होते. क्षेत्रफळ. अशी कळ आली की खडू हातातून पडला. टेबल धरून म्हटलं, "एक से बीस तक सवाल करो, कोई आवाज़ नहीं।" चाळीस पोरं गप्प झाली. त्यांना कळतं. मोठ्यांना कळत नाही.

स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचे समोसे. श्रीवास्तव मॅडमनी बशी पुढे केली. "सबनीस मैडम, एक कौर से क्या हो जाएगा? आप तो वहम पाल के बैठी हैं। नज़र उतरवाइए किसी से।" मनाने चांगली बाई. डब्यातला अर्धा पराठा मला देऊ न शकल्याचं तिला खरंच वाईट वाटतं. पण "वहम" हा शब्द दिवसभर कानात राहिला.

घरी आल्यावर मेतकूटभात, दोनदा घेतला. आई म्हणते, पोट बिघडलं की त्याच्यासारखं औषध नाही. रात्रीही तोच.
पोट ७.

२ फेब्रु., रवि.
हे लिहावं की नको.

सकाळी मुक्ताला टोस्ट करत होते. ती ब्रेडच्या पाकिटात डोकावली, मग म्हणाली, "सात हैं। आठ होने चाहिए थे।" मी म्हटलं, पप्पांनी खाल्ला असेल काल. तिने गणिताची रफ वही काढून मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. मी वही ओढून घेतली. तारखा. ब्रेड किती, बिस्किटं किती, बाईने पोळ्या किती केल्या, उरल्या किती. पंचवीस तारखेपासून. अक्षर नीटनेटकं, रकाने पट्टीने आखलेले. बापावर गेलीय.

"ये क्या है?"
"पापा ने बोला था देखने को। आपको बताना नहीं था।" आणि मग तीच रडायला लागली.

हेमंतला विचारलं. तो म्हणाला, "मी फक्त एक शक्यता काढून टाकत होतो. बाकीच्या सगळ्या तपासल्या ना आपण?"
"शक्यता म्हणजे मी?"
"तसं नाही ग."
"मग कसं ते सांग."
त्याने ब्रेडचं पाकीट बंद करून ठेवलं. तो आठवा स्लाइस त्यानेच खाल्ला होता, ते मात्र लगेच कबूल केलं. मोठे उपकार.

३ फेब्रु.
बोलत नाही आम्ही. तक्त्यात मार्क मी भरले नाहीत, त्याने विचारले नाहीत.

५ फेब्रु.
याहून वाईट म्हणजे मीच माझ्यावर पहारा ठेवायला लागलेय. मुक्ताच्या टोस्टला लोणी लावलं नि सुरी धुतली. मग उभी राहिले. बोट चाटलं का मी? सवयीने? आठवेना. खरंच आठवेना. पंधरा मिनिटं ओट्याशी उभी. म्हणजे डॉक्टर म्हणतात ते, श्रीवास्तव मॅडम म्हणतात ते, हेमंत न बोलता म्हणतो ते... सगळेच कसे चुकतील?

पोट ७. हे तरी खरं ना? की हेही मीच देते?

१० फेब्रु.
शाळेत डब्यात मेतकूटभात नेला होता. दुसरं काही सोसत नाही आता. श्रीवास्तव मॅडमनी चमचाभर चाखला. "अरे वाह। ये पीला-पीला क्या है? बड़ा ज़ायकेदार है। हमें भी विधि लिखकर दीजिए।" मी सांगितलं, मम्मी सातारा से भेजती हैं. विधी मला येत नाही. खरंच येत नाही. मेतकूट आपण करायचं असतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. ते आईच्या डब्यातून येतं. एप्रिलमध्ये माझ्या आजाराचं कळल्यापासून तिने तीन डबे पाठवले. कुणी ना कुणी लखनौला येणारं शोधून काढते, सत्तरीची बाई.

आज पत्र टाकलं, प्रमाण कळव म्हणून.

१७ फेब्रु.
वाईट आठवडा. दोन दिवस रजा. हे. संस्थेच्या लायब्ररीतून स्टेरॉइडबद्दल वाचून आला. खुर्ची ओढून पलंगाशी बसला आणि म्हणाला, "तुला वाटतं तेवढं भयंकर नसतं. डोस हळूहळू कमी करतात." समजावणीचा सूर. म्हणजे त्याने हात टेकले. मी भिंतीकडे तोंड केलं. तो बराच वेळ बसून होता. मग मऊ भात करून आणला, वर तूप, मेतकूट. कालवूनही दिला. चमचा हातात घेतल्यावर रडू आलं, आणि सगळा खाल्ला.
पोट ८.

२६ फेब्रु., बुध.
आज अक्षराकडे बघू नये.

आईचं पत्र आलं. मधल्या सुट्टीत श्रीवास्तव मॅडम वही-पेन घेऊन बसल्या, मी वाचून हिंदीत सांगत होते. चना दाल दो कटोरी. उड़द दाल आधी. चावल पाव कटोरी. सब अलग-अलग भूनना. आणि पुढे आईचं ते टपोरं अक्षर: "गहू मूठभर, खमंग भाजून."

मी थांबले. मॅडम म्हणाल्या, "हाँ, आगे?"
"गेहूँ," मी म्हटलं.
"कितना?"
"एक मुट्ठी।"
त्यांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनाच आधी कळलं असं वाटतं. "हाय राम, मैडम। आप तो रोज़ खाती हैं।"

२७ फेब्रु.
आजारी माणसाला काय द्यावं? मेतकूटभात. आणि जास्त आजारी असेल तर? जास्त मेतकूटभात. हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, दुधाबरोबरच पोटात जातं. चक्की बघितली, हिंग बघितला, ब्रेडचे तुकडे मोजले, आणि दुखलं की मी स्वतःच्या हाताने गहू कालवून खात होते. पोट आठ असेल त्या दिवशी दोनदा.

हे. ला सांगितलं. तो फ्रिजपाशी गेला. तक्त्यावर बोट फिरवत राहिला. दुपारी भात. रात्री भात. भात. भात. मेतकूट हा शब्द कुठेच नाही. मीठ लिहितो का कुणी? तसंच.
"मी 'भात' लिहीत होतो," तो म्हणाला.
"मीही."
मग म्हणाला, "सॉरी." तक्त्याबद्दल की मुक्ताच्या वहीबद्दल, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

डबा मोलकरणीला दिला. उघडून एकदा वास घेतला. आई उभी राहिली समोर.

२ मार्च, रवि.
आईला सांगायचं नाही असं माझं ठरलं होतं. "आता पुरेसं आहे, पाठवू नकोस," इतकंच. हे. ला तसं बजावलंही होतं. पण साताऱ्याचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते, आणि हा पठ्ठ्या आनंदात. बाहेर येते तर ऐकू आलं, "आई, सापडलं कारण! तुमच्या मेतकुटात गहू होता!" जसं काही तिला बक्षीस लागलं.

रिसीव्हर हिसकावून घेतला. मग आई म्हणाली, "मूठभरच घालते ग. त्याच्याशिवाय खमंग लागत नाही."
"आई, तुला काय माहीत. मलाच माहीत नव्हतं."
"तू गहू बंद म्हणालीस, मी पोळी धरून चालले. मेतकुटातला गहू कुणी गहू धरतं का?"
"नाही धरत. कुणीच नाही धरत."
"म्हणजे एवढे दिवस मीच..." आणि फोन दादाच्या हातात दिला.

हेमंतशी आज मी भांडले नाही. भांडायचीही एक ताकद लागते.

८ मार्च
पोट ३. परवा ४.

१२ मार्च
२! तिसरीतल्या पोराला दहापैकी दोन मिळाले तर आई पेढे वाटेल का? मी वाटले असते.

१५ मार्च, शनि.
शून्य.

सकाळपासून वाट बघत होते. दुपारी वाट बघत होते. कपूरथल्यापर्यंत चालत गेले, मुक्तासाठी रंग घेतले, चालत आले. शून्य. पोट आहे हेच विसरले होते पाच मिनिटं, नंतर आठवलं तेव्हा दचकले. हे. ने तक्ता फ्रिजवरून काढून घडी करून कपाटात ठेवला. मुक्ताला उचलून गोल फिरवलं. ती म्हणाली, "पापा, मैं अब बड़ी हो गई हूँ।"

आईला फोन करून सांगितलं. "बरं झालं बाई," म्हणाली. पहिल्यांदा आवाज जरा मोकळा वाटला. स्टेरॉइड नाही. चेहरा आपलाच राहणार.

२० मार्च
काल रात्री पनीर जास्त झालं असेल.
पोट ५. तक्ता नाही आता, इथेच लिहिते.

२१ मार्च
६. डावीकडेच. तोच पिळा.
कुणाला काही बोलले नाही. एक-दोन दिवस बघू.

२४ मार्च, होळी
दहा-बारा माणसं घरी. हे. ने सगळ्यांना मेतकुटाची गोष्ट सांगितली, अगदी नकलेसकट. श्रीवास्तव मॅडमही आल्या होत्या, स्वतःचा भाग स्वतः सांगत होत्या: "मैंने पूछा कितना, ये बोलीं एक मुट्ठी, और बस, मेरा तो कलेजा धक् से।" सगळे हसले. मीही हसले. मैद्याच्या गुजिया आल्या, मी रिकामी बशी घेऊन खिडकीशी उभी राहिले म्हणजे कुणी आग्रह करणार नाही. पुरणपोळ्या बाईने केल्या, मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही. माझं जेवण मी माझ्या पातेल्यात, माझ्या चमच्याने, वेगळं केलं होतं.

७. सगळ्यांच्या तोंडाला गुलाल होता म्हणून बरं, कुणाला माझा रंग दिसला नाही.

३० मार्च, रवि.
साताऱ्याहून पार्सल. डबा कापडात शिवलेला. आत मेतकूट, आणि चिठ्ठी: "गहू नाही, हिंग नाही. डाळी निवडून धुऊन वाळवल्या. जातं आधी घासून घेतलं, मग मी स्वतः दळलं, दोन दिवस लागले. चाळण नवी आणली, तिला दुसरं पीठ लावणार नाही. आता बरं वाटतंय ना? खरं लिही."

नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच शंका नको: दुखणं २० मार्चपासूनचं. डबा आजचा. अजून उघडलेलाही नाही.

पण हे आईला कसं सांगणार? "दुखतंय" एवढं म्हटलं की ती पुढचं ऐकणारच नाही. तिच्या हातावरच जाईल ते. दोन महिन्यांपूर्वी दुखतंय म्हटलं तर कुणाला खरं वाटत नव्हतं. आता सगळ्यांना खरं वाटेल, आणि प्रत्येकाचं काहीतरी मोडेल. यातलं जास्त वाईट कुठलं?

पत्र लिहिलं: "बरं आहे. डबा पोचला." एक वाक्य खोटं, एक खरं. सरासरी काढा.

३ एप्रि.
काय काय बघितलं: दात घासायची पेस्ट. मिरची पूड. गोळ्यांच्या रिकाम्या कॅप्सुली. लिफाफ्याचा डिंक. वार्षिक परीक्षेच्या गठ्ठ्यांवर मैद्याच्या खळीने चिकटवलेल्या चिठ्ठ्या, बोट ओलं करून ऐंशी पेपर तपासले. बोट ओलं करणं बंद केलं. ६. तसंच ६.

कदाचित गहू नाहीच. कदाचित गहू एक होता आणि हे दुसरं काहीतरी आहे. हा विचार आला की हातातलं काम सोडून मी खोल्यांमधून फिरत सुटते. या खोलीतून त्या खोलीत. काय शोधतेय विचारलं तर चष्मा म्हणते. चष्मा डोळ्यांवरच असतो.

हे. बाथरूममध्ये शिट्टी वाजवतो. किती महिन्यांनी. सोमवारच्या डॉ. साठी मेतकुटाची केस मुद्देसूद लिहून काढलीय त्याने, इंग्रजीत. मला वाचून दाखवली. "छान झालंय," मी म्हटलं. उशी पोटाशी धरून बसले होते. "दमलीस पेपरांनी," तो म्हणाला. हो म्हटलं.

५ एप्रि.
आज सांगणार होते. तो मुक्ताला सायकल शिकवत होता. राहिलं.

७ एप्रि., सोम.
नंबर एकतीस. हे. ने रजा घेतली होती. रस्ताभर तोच बोलत होता.

आत गेल्यावर त्याने कागद टेबलावर ठेवला, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. डॉ. खूश. "वेरी गुड। मैं कहता था न, कहीं न कहीं से जा रहा है। तो अब दर्द नहीं है।" हा प्रश्न नव्हता, ते लिहायलाच लागले होते.
"नहीं सर, पंद्रह मार्च से ज़ीरो," हेमंत म्हणाला.
"आहे," मी म्हटलं.
मराठीतच निघालं तोंडातून. डॉ. नी मान वर केली. मग हिंदीत म्हटलं, "है। अठारह दिन से। कल छह था, आज सात है।"

हेमंतकडे मी बघितलं नाही. डॉ. नी बघितलं. त्यालाच विचारलं, "आपको मालूम था?"
"नहीं।"
"होली पर कुछ बाहर का खाया होगा।" हेही त्यालाच. मी समोर बसलेली.
"मैंने कुछ नहीं खाया," मी म्हटलं. "और दर्द होली से चार दिन पहले का है।"
डॉ. नी पेन आडवं ठेवलं. "आप क्या कहते हैं?" पुन्हा त्यालाच.

हेमंत माझ्या फाइलची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. त्याच्या डोक्यातले रकाने मला दिसत होते: होळी, दहा-बारा माणसं, गुजिया, त्या गर्दीत मी कुठे उभी होते ते त्याला माहीत नाही. डेटा नाही. बाहेर शिपाई पुढचा नंबर ओरडला. मग हेमंत म्हणाला, "ये कह रही हैं तो नहीं खाया।"
"आपने देखा था?"
"नहीं। देखा नहीं। ये कह रही हैं।"

डॉ. नी मग पहिल्यांदा खुर्ची माझ्याकडे वळवली. कधी दुखतं, जेवणाआधी की नंतर, दूध पिते का, रात्री झोपेतून उठवतं का. अशी दहा मिनिटं मला वर्षभरात मिळाली नव्हती. सतरा तारखेला पुन्हा दुर्बीण. गहू नसेल तर काय आहे ते तुकड्यात दिसेल, किंवा नाही दिसणार, असं स्वतःच म्हणाले. स्टेरॉइड रिपोर्ट आल्यावर ठरवू. नाही म्हणाले नाहीत.

येताना निशातगंजच्या पुलाआधी त्याने स्कूटर बाजूला घेतली. बंद केली. वळला नाही, समोर बघतच बोलला. "अठरा दिवस, सुनंदा."
"हो."
"मला का नाही सांगितलंस?"
"तू शिट्टी वाजवत होतास."
मागून टेंपोवाला भोंगा वाजवत होता. मग त्याने किक मारली. त्याने डॉक्टरांपुढे म्हटलं ते त्याला खरंच वाटतं की तेवढ्यापुरतं म्हटलं, मला माहीत नाही. त्याला तरी माहीत असेल का? पण म्हटलं. लिहून ठेवते.

उद्या पाडवा. सकाळी आईचा फोन येईल, आणि ती पहिलं तेच विचारेल. या वेळी खरं सांगणार. आधी तारीख सांगायची, मग डबा कधी आला ते, मग दुखणं. या क्रमाने. तिने पुढचं ऐकून घेतलं तर.